नववीची चाळण

राजुऱ्याहून डोंगरावरच्या आमच्या शाळेत जायला जीपने दीड तास लागतो, आणि मास्तर माणूस दीड तास गप्प बसू शकत नाही. त्यामुळे आमच्या जीपमध्ये जुना टायर, रिकाम्या बाटल्या, डब्यांच्या पिशव्या आणि किस्से असा सगळा माल साठलेला असतो. सकाळी घाट चढताना जुने किस्से निघतात, संध्याकाळी उतरताना त्या दिवसाचे. जुन्यात रोज थोडं मीठमसाला वाढतो, हे सांगायला नको.

जीपमध्ये आम्ही चौघं. पुढे ड्रायव्हरशेजारी हेडमास्तर मत्ते सर, इंग्रजी तेच घेतात. मागे गणित-विज्ञानाचे ताजने सर, मराठी-इतिहास-भूगोलाच्या खोब्रागडे मॅडम आणि मी. मी पी.टी.चा. गळ्यात शिट्टी असते म्हणून पोरं मला शिट्टीसर म्हणतात. हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

किस्से सगळ्याच वर्गांचे होतात, पण जास्तीत जास्त नववीचे. त्याला कारण आहे. आठवीपर्यंत ढकलगाडी असते. दहावी बोर्डाची, तिथे सगळे कान पाडून बसतात. नववी तेवढी आमच्या हातातली. नववीतल्या पोराला चेष्टा सुचते, उलट उत्तर सुचतं, आणि अजून त्याला कोणी घाबरवलेलं नसतं.

आणि पी.टी.च्या मास्तराला नववीचे सगळे विषय येतात बरं का. कोणाचाही तास ऑफ असला की "जा हो सर, जरा बसा वर्गावर" म्हणून मलाच पिटाळतात. मी नववीला भूमिती शिकवली आहे, इंग्रजी कविता शिकवल्या आहेत, अर्थशास्त्र शिकवलं आहे. एकही धड शिकवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

हल्ली मात्र किस्से सांगायला बसलो की एक लक्षात येतं. कुठूनही सुरुवात केली तरी गाडी एकाच पोरीवर येते. पायल सिडाम. दोन वेण्या, चपलेला सेफ्टीपिन, आणि आवाज असा की माझी शिट्टी कमी पडावी. म्हणून आज तिचेच सांगतो. सुरुवातीचे हसण्यासारखे आहेत.

*

पायलचं गाव अगदी महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवर. आमच्याकडे अशी काही गावं आहेत, ज्यांना दोन्ही राज्यं आपली म्हणतात. दोन्हीकडचं रेशनकार्ड, दोन्हीकडे मतदान, दोन्ही भाषांच्या शाळा. एवढं सगळं डबल असून रस्ता मात्र दोन्हीकडून अर्ध्यातच संपतो.

एकदा खोब्रागडे मॅडम नववीला भूगोल शिकवत होत्या. आंतरराष्ट्रीय वाररेषा. नकाशावर बोट फिरवून त्यांनी छान समजावून सांगितलं. ही रेषा इकडून ओलांडली की वार एकाने पुढे जातो, तिकडून ओलांडली की मागे येतो. एकाही चेहऱ्यावर उजेड पडेना.

"काय झालं? समजलं नाही?" मॅडमनी विचारलं.

पायल उठून उभी राहिली. "समजलं मॅडम. पण यात एवढं काय हाय? आमच्या गावात रेष वलांडली का मुख्यमंत्रीच बदलते."

मॅडम हा किस्सा सांगताना आजही नकाशावर बोट फिरवून दाखवतात. पुढे चाचणीत प्रश्न आला, 'वाररेषा जमिनीवरून का जात नाही?' पायलने लिहिलं, 'कारण दोन्हीकडचे लोक म्हणतीन आमची.' मॅडमनी त्याला अर्धा मार्क दिला. म्हणाल्या, "पूर्ण द्यायचा होता, पण बोर्ड देणार नाही ना."

*

नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. त्यात प्रतिध्वनी. ताजने सर तसे पुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारे, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे. म्हणाले, "एवढा डोंगर बाजूले असून फळ्यावर काऊन शिकवू?" शेवटच्या तासाला अख्खी नववी घेऊन ते शाळेमागच्या कड्यावर गेले. पोरं सांभाळायला अर्थातच मी.

समोर दरी, पलीकडे दुसरा डोंगर. सरांनी अंतर, वेग, सेकंद सगळं समजावलं आणि म्हणाले, "आता समदे मिळून ओ द्या."

पोरांनी जी ओ दिली, ती पुढच्या तालुक्यात गेली असेल. दोन क्षण शांतता. मग खालून, दरीतल्या वळणावरून आवाज आला. पों पों!

आमच्या शाळेच्या मुलींसाठी सरकारने निळी बस दिलेली आहे, गावोगाव फिरून मुलींना आणते आणि पोहोचवते. ती रिकामी वर येत होती. ड्रायव्हरला वाटलं, पोरी हाका मारताहेत, आज लवकर सुटली वाटतं. त्याने तिथेच बस थांबवली आणि हॉर्न वाजवत बसला.

ताजने सर कपाळाला हात लावून उभे. पायल म्हणाली, "सर, प्रतिध्वनी आला. तो म्हणून राह्यला, या लवकर."

आणि सगळ्या पोरी दप्तरं उचलून कडा उतरून पळाल्या. त्या दिवशी शाळा अर्धा तास आधी सुटली. प्रयोग यशस्वी झाला असं ताजने सरांनी लिहून ठेवलं.

*

नववीला जलसुरक्षा नावाचा विषय आहे. तो कोणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला. आमच्या डोंगरावर होळी झाली की विहिरी तळाला जातात, आणि मी तिथे पाणी कसं वाचवावं हे पुस्तकातून वाचून दाखवतो. माझंच मला हसू येतं.

एकदा तपासणीला साहेब आले. नेमका माझा तास. साहेबांनी पोरांना विचारलं, "घरी पाण्याची बचत कशी कराल?" पाठ करून घेतलेलं उत्तर होतं, दात घासताना नळ बंद ठेवावा. मी मागे उभा राहून पायलला खुणेने सांगत होतो, तू बसून राहा, तू बसून राहा.

ती उठलीच. "साहेब, आम्ही नळ बंदच ठेवतो. बसवला तवापासून बंदच हाय."

साहेब हसले. वर्ग हसला. मीही हसलो. साहेबांनी पोरीचं कौतुक केलं आणि आमच्याकडचा डब्यातला गार चहा पिऊन गेले. नळ अजूनही बंदच आहे.

*

आता हा किस्सा जरा नीट ऐका.

ताजने सर केंद्रावर मीटिंगला गेले होते. नववीला गणितात शेकडेवारी चालू होती आणि तास मला मिळाला. शेकडेवारी मला स्वतःलाच कधी फार आली नाही. मी पोरांना म्हटलं, "चला ग्राउंडवर. मोहाच्या झाडाला हात लावून परत येऊन लाईनीत उभे राहा. आज शेकडेवारी पायाने शिकायची."

सगळे धावले आणि आले. पायल मागे राहिली. तिच्या चपलेची पिन निघाली होती आणि ती झाडाखाली बसून ती शोधत होती. ऊन लागत होतं. पोरं कुरकुरायला लागली, "सर, बाकीचे तं आले ना. सोडा ना."

मला नाही म्हटलं तरी राग आला. आमच्या खेळात एक नियम आहे, टीम म्हणजे टीम. मी शिट्टी वाजवली आणि म्हटलं, "कोणी हलायचं नाही. आता किती आले ते सांगा. शंभर टक्के आले का? नाही. शंभर टक्के म्हणजे समदे. एक जरी मागं राहिली तरी शंभर होत नाही."

पोरं उन्हात उभी राहिली. पायलला पिन सापडली, तिने चप्पल अडकवली आणि ती पळत आली. लाईनीच्या शेवटी उभी राहून दोन्ही हात मागे बांधले आणि धापा टाकत विचारलं, "सर, झाले का शंभर?"

"झाले."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून रोज प्रार्थनेला तिचं ठरलेलं. बस कधी उशिरा यायची, ती शेवटी येऊन लाईनीत शिरायची आणि तिथूनच ओरडायची, "सर, झाले शंभर!" मत्ते सर वैतागायचे. मला मात्र त्याची सवय झाली होती.

*

आमच्या भागातली बरीच कुटुंबं संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायला जातात. आई, बाप, लहान लेकरं, सगळे टेम्पोत बसून. नववीतली पोरंही जातात, कारण तोडायला हात मिळतात. परीक्षेपर्यंत वर्ग अर्धा रिकामा होतो.

पायलचे वडील लिंगूभाऊ त्या वर्षी जाण्याआधी शाळेत आले. उंच, वाळका माणूस. ऑफिसात न जाता थेट ग्राउंडवर माझ्याकडे आले. पायल घरी माझंच नाव जास्त घेत असावी.

"सर, आम्ही मिरचीवर जाऊन राह्यलो. पोरीले आत्याकडं ठेवतो. तिले नेत नाई."

मी म्हटलं, "बरं करता, लिंगूभाऊ."

"मिरचीनं बोटं जळतेत ना सर. मंग पेन धरता येत नाई." त्यांनी स्वतःची बोटं बघितली. "आमच्या घरात दहावी पास कोणीच नाई. माहा भाऊ नाई, मी नाई, बायको तं शाळेतच गेली नाई. एक तरी होऊ द्या."

मी म्हटलं, "होईल हो. खेळात तर एक नंबर आहे."

ते खूश होऊन गेले. खेळाचे मार्क दहावीला किती धरतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

*

आता चाळणीचं सांगायला पाहिजे.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल बरीच वर्षं शंभर टक्के लागतो. गेटावर तशी पाटीच आहे. दरवर्षी पेंटरला फक्त साल बदलायचं काम असतं. पण एवढ्या आडरानात, मिरचीवर जाणाऱ्या पोरांचा निकाल शंभर टक्के कसा लागतो, हे कोणी विचारत नाही. तो नववीत लागतो. एप्रिलमध्ये आम्ही चौघं चहापोहे घेऊन बसतो आणि नववी चाळतो. जे पोर बोर्डात पडेल असं वाटतं त्याला नापास करत नाहीत, तसं केलं तर वरून विचारणा होते. त्याला पास करतात आणि हातात शाळा सोडल्याचा दाखला देतात. "बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भर आणि दे दहावी," असं सांगतात. बऱ्याच शाळा असंच करतात. सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही, पण करताना असंच वाटतं.

मत्ते सर वाईट माणूस नाहीत. पोरांना स्वेटर स्वतःच्या खिशातून घेतात. पण पलीकडच्या गावात नवी शाळा निघाली आहे, तिथे पोरांना सायकल देतात, आणि आमचा पट घसरला तर तुकडी बंद पडेल आणि आमच्यातला एकजण अतिरिक्त ठरेल, ही भीती त्यांच्या डोक्यात कायम असते. गेटावरची पाटी त्यांना त्यासाठी लागते.

त्या वर्षी चाळणीत एकच राहिली. पायल. गणित आणि इंग्रजीत ती काठावरसुद्धा नव्हती.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या, "सर, लेखीत कमी आहे, पण तोंडी चांगली आहे ती. किती हजरजबाबी आहे."

ताजने सर खाली बघत म्हणाले, "मॅडम, बोर्ड तोंडी घेत नाई."

मत्ते सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं काय, सर? खेळाचे मार्क दिले ना?"

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं. बाकी काही मला विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

लिंगूभाऊ तेलंगणात होते. आत्या आली, तिने दाखला मिळाल्याचा अंगठा दिला. निकालपत्रावर 'उत्तीर्ण' लिहिलेलं होतं, तेच आम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती बाई आमच्या पाया पडून गेली. त्या संध्याकाळी घाट उतरेपर्यंत जीपमध्ये एकही किस्सा झाला नाही.

*

जून उजाडला. शाळेचा पहिला दिवस. निळी बस आली, पोरी उतरल्या, त्यात पायल. धुतलेला ड्रेस, दोन वेण्या, नवी चप्पल. ती सरळ येऊन दहावीच्या लाईनीत शेवटी उभी राहिली.

मत्ते सर माझ्या कानात म्हणाले, "सांगा तिले."

मी लाईनीच्या शेवटी गेलो आणि हळू आवाजात म्हटलं, "पायल, तुझा दाखला दिला आहे बेटा. तू आता लाईनीत नाही."

ती लाईनीतून निघाली आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून. राष्ट्रगीत तिने तिथूनच म्हटलं. त्या दिवशी 'झाले शंभर' कोणी ओरडलं नाही, आणि मला ते फार लागलं.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी येणार नाही. ती आली. तिसऱ्या दिवशीही आली. रोज निळ्या बसने यायची. कंडक्टर म्हणायचा, "ड्रेस आहे ना अंगावर, बस." घरी तिने काही सांगितलं नव्हतं. नववी पास झालेली पोरगी दहावीत जाते, लिंगूभाऊंना एवढंच माहीत. दिवसभर ती दहावीच्या खिडकीखालच्या ओट्यावर बसायची आणि सुट्टी झाली की बसने परत जायची.

हाकलणार कोण? मत्ते सर म्हणाले, "बसू द्या, आपोआप कंटाळन." ती कंटाळली नाही. मग हळूहळू आम्हालाच तिची सवय झाली. ताजने सर फळ्याकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड करून शिकवायला लागले. दहावीची पोरं म्हणायची, "सर, आमच्याकडं बघा ना." मॅडमनी तिला जुनी पुस्तकं आणून दिली. मी आपला ग्राउंडवर कबड्डीत तिला घ्यायचो, त्याला दाखला लागत नाही.

आणि जीपमध्ये याचाही किस्सा झालाच. ताजने सर एका संध्याकाळी म्हणाले, "पटापेक्षा हजेरी जास्त असलेली जिल्ह्यातली एकच शाळा हाय. आपली!"

आम्ही चौघंही हसलो. ते हसणं आठवलं की आता तोंड कडू होतं.

*

हिवाळ्यात एकदा जीप घाटात होती. दहावीची हॉलतिकिटं यायची होती, त्यावरून बोलणं निघालं.

खोब्रागडे मॅडमनी ताजने सरांना विचारलं, "पायलचं हॉलतिकीट वेगळं येईल ना?"

"येईन ना. फॉर्म भरताना तुम्ही केंद्र कोणतं टाकलं?"

"मी? मी नाही भरला. तुम्ही भरला ना?"

"मी कायले भरू? तुम्ही पुस्तकं दिली, मले वाटलं फॉर्मही तुम्हीच भरला."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटत होतं, त्या दोघांपैकी कोणीतरी भरला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर घरं तीन होती, आणि तिन्ही घरांनी पाहुण्याला जीव लावला होता.

सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत केव्हाच संपली होती. पुढच्या सीटवरून मत्ते सर मागे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी भरू."

पायलला हे सांगायचं कोणी, यावर आम्ही घाट उतरेपर्यंत वाद घातला. राजुरा आलं, एकेकजण उतरलो, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

*

मार्चमध्ये परीक्षा लागली. केंद्र खालच्या मोठ्या गावात. खोब्रागडे मॅडमची तिथे पर्यवेक्षक म्हणून ड्युटी होती, त्यामुळे हा किस्सा त्यांच्या तोंडचा.

निळ्या बसमधून आमच्या दहावीच्या पोरी उतरल्या, त्यांच्याबरोबर पायलही उतरली. हातात पॅड, कंपास. पोरी आत गेल्या. ती गेटाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसली. पेपर सुटला तेव्हा पोरींनी बाहेर येऊन तिच्याजवळ प्रश्नपत्रिका दिली, तिने ती सगळी वाचली आणि मग सगळ्या मिळून बसमध्ये चढल्या. प्रत्येक पेपरला हेच.

गणिताच्या दिवशी मॅडमना राहवलं नाही. त्या तिच्याजवळ गेल्या. सगळ्यांना विचारतात तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं. "कसा होता ग पेपर?"

"सोपा होता मॅडम," पायल म्हणाली. "मले आला असता."

हे सांगून मॅडम जीपमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यावर कोणी मीठमसाला लावला नाही.

*

निकाल लागला तेव्हा सुट्ट्या होत्या, पण आम्ही चौघं शाळेत गेलो. तिथे नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळतं, म्हणून ताजने सर टाकीच्या कठड्यावर चढून मोबाईल उंच धरून उभे होते. तिथूनच ओरडले, "शंभर!"

मत्ते सरांनी पेंटरला आधीच बोलावून ठेवलं होतं. तो गेटावर साल बदलायला लागला. आम्ही ऑफिसात चहा टाकला.

दुपारी गेटातून लिंगूभाऊ आत आले. पांढरा सदरा, डोक्याला तेल, हातात पेढ्यांचा डबा. बोटांची कातडी मिरचीने अजून सोललेली होती. त्यांच्या मागे पायल आली आणि गेटाजवळच थांबली, पेंटरच्या शिडीपाशी. हात मागे बांधलेले.

"घ्या सर," म्हणत लिंगूभाऊंनी प्रत्येकाच्या हातात पेढा ठेवला. मत्ते सरांच्या, ताजने सरांच्या, मॅडमच्या. मॅडमनी तो तसाच धरून ठेवला.

मत्ते सरांनी घसा खाकरला. "लिंगूभाऊ, बसा. पायलनं सांगितलं काय तुमाले, पास झाली म्हणून?"

"नाई सर. ते तं काई बोलतच नाई. कालपासून जेवली नाई पोरगी, भेवच घेतला तिनं. म्हणे बाबा, शाळेत नोको जाऊ." लिंगूभाऊ हसले. "मी म्हटलं, पागल हायेस काय? मोटारवाला सांगून राह्यला, गेटावर पेंटर लिवून राह्यला, शंभर टक्के. मंग भ्याचं काऊन?"

बाहेर पेंटर डबा खरवडत होता. लिंगूभाऊ माझ्याजवळ आले आणि उरलेला पेढा माझ्या हातावर ठेवला.

"तुम्हीच तं शिकवलं सर. नववीत होती तवा रोज घरी येऊन सांगे मले. शिट्टीसर म्हणते, शंभर टक्के म्हणजे समदे. एक जरी मागं राह्यली तं शंभर होत नाई. नाई काय सर?"